एफ१ २०२६: यंदा रेस जिंकायची तर आधी बॅटरी सांभाळा

७ डिसेंबर २०२५, रविवारची संध्याकाळ. मी कराडहून पुण्याला निघालेल्या बसमध्ये होतो. साडेसहाला अबू धाबीची, म्हणजे सीझनची शेवटची रेस सुरू होणार होती आणि माझ्या फोनची बॅटरी होती ३४ टक्के. सीटजवळचा चार्जिंग पॉइंट बंद. पॉवर बँक मामाच्या घरी टीव्हीशेजारी विसरलेली.

मग सुरू झाली काटकसर. ब्राइटनेस खाली, ब्लूटूथ बंद, व्हिडिओ क्वालिटी कमी. पहिल्या काही लॅप्स पाहिल्या आणि व्हिडिओ बंद करून नुसते लाइव्ह टायमिंगचे आकडे बघत बसलो. खंबाटकीच्या बोगद्यात नेटवर्क गेलं तेव्हा आकडेही थांबले. शेवटच्या दहा लॅप्ससाठी मात्र चार्ज राखून ठेवला होता. मॅक्स वेरस्टॅपन पहिला, ऑस्कर पियास्त्री दुसरा, लँडो नॉरिस तिसरा. नॉरिस फक्त २ गुणांनी वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि ते मी ३ टक्के बॅटरीवर लाइव्ह पाहिलं.

हे सांगायचं कारण असं, की त्या दीड तासात मी जे केलं, जवळपास तेच २०२६ मध्ये प्रत्येक एफ१ ड्रायव्हरला करावं लागणार आहे. कुठे खर्च करायचा, कुठे राखायचा, कुठे चार्ज करून घ्यायचा. फरक इतकाच, की तो हे ताशी ३०० किलोमीटरने पळत असताना करणार.

नवा सीझन ८ मार्चला मेलबर्नच्या रेसने सुरू होतोय. दर जानेवारीत फॅन्सची उत्सुकता असतेच. नवे रंग, नवे ड्रायव्हर, नवे अंदाज. पण यंदा गाडीही नवी आहे आणि इंजिनही नवं, दोन्ही एकाच वेळी. म्हणून मित्रांनो, टेस्टिंग सुरू होण्याआधी हे नियम नीट समजून घेऊया. तांत्रिक शब्द येतील, पण घाबरू नका. तुम्ही स्मार्टफोन वापरता ना? मग अर्धं तुम्हाला आधीच माहीत आहे.

आधी थोडक्यात: काय बदललं?

• गाडी लहान आणि हलकी. किमान वजन ८०० किलोवरून ७६८ किलो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं कमाल अंतर २० सेंटिमीटरने कमी, रुंदी १० सेंटिमीटरने कमी. टायरही थोडे अरुंद.

• इंजिन तेच १.६ लिटर व्ही६ टर्बो, पण विजेचा वाटा प्रचंड वाढला. इलेक्ट्रिक मोटरची ताकद १२० किलोवॉटवरून थेट ३५० किलोवॉट.

• डीआरएस गेलं. त्याच्या जागी पुढचे आणि मागचे दोन्ही पंख हलणार.

• इंधन १०० टक्के शाश्वत स्रोतांतून तयार केलेलं.

• संघ १० ऐवजी ११.

आता यातला खरा गाभा बघू. तो आहे दुसऱ्या मुद्द्यात.

साडेअकरा सेकंदांची बॅटरी

२०१४ पासूनच्या एफ१ गाड्या हायब्रिड होत्याच. पण मोठं काम पेट्रोल इंजिन करायचं आणि वीज मदतीला असायची. नव्या नियमांत पेट्रोल इंजिनाची ताकद साधारण ५५० किलोवॉटवरून ४०० वर आणली आहे आणि मोटर ३५० ला नेली आहे. म्हणजे जवळपास निम्मी ताकद विजेची. दोन्ही मिळून सुमारे १,००० हॉर्सपॉवर.

ऐकायला भारी वाटतं. पण आता बॅटरीचा हिशोब करू.

नियमानुसार बॅटरीतली एका वेळी वापरता येणारी ऊर्जा आहे ४ मेगाजूल. घरच्या भाषेत सांगायचं तर लाइट बिलावरचं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाजूल. म्हणजे एफ१ गाडीच्या बॅटरीत वापरायला मिळते ती वीज आहे एक युनिट आणि वर थोडीशी. ५,००० एमएएचच्या फोनशी तुलना केली तर साधारण ५८ फोनांच्या फुल चार्जइतकी.

आता ही वीज ३५० किलोवॉटने खर्च केली तर किती वेळ पुरेल? ४,००० भागिले ३५०. उत्तर येतं ११.४ सेकंद.

बस्स. साडेअकरा सेकंदांत बॅटरी रिकामी! आणि एक लॅप असते साधारण सव्वा ते दीड मिनिटाची.

म्हणूनच लॅप चालू असतानाच पुन्हा पुन्हा चार्ज करावं लागतं. एका लॅपमध्ये जास्तीत जास्त ८.५ मेगाजूलच्या आसपास वीज परत मिळवता येईल, काही सर्किट्सवर त्याहून कमी. म्हणजे चार्ज-खर्च, चार्ज-खर्च असं प्रत्येक लॅपमध्ये दोनदा तरी होणार. तेवढी सगळी वीज मिळाली तरी पूर्ण ताकदीचे सेकंद भरतात जेमतेम २४. ते २४ सेकंद कुठे वापरायचे, हाच यंदाचा खेळ.

आणि चार्जिंगचा वेग? तुमचा ६७ वॉटचा चार्जर आठवा. ही मोटर ब्रेक मारताना ३५० किलोवॉटपर्यंत वीज परत बॅटरीत ढकलू शकते. त्याच्या सुमारे ५,२०० पट!

चार्जिंग होतं कसं? सायकलचा डायनमो आठवा

माझा मामा कराडला गाड्यांची वायरिंग, सेल्फ, अल्टरनेटर यांची कामं करतो. लहानपणी त्याने मला हे एका वाक्यात समजावलं होतं. जुन्या सायकलला टायरवर टेकणारा डायनमो असायचा. तो टेकवला की दिवा लागायचा, पण पायडल जड व्हायचं. मामा म्हणायचा, "उजेड फुकट मिळत नाही, तो तुझ्या मांडीतून येतो."

एफ१ मध्ये हेच तत्त्व आहे. मोटरच उलटी चालवली की जनरेटर होते. ती वीज बनवते आणि गाडीला मागे ओढते. म्हणून चार्ज करण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे ब्रेकिंग. तिथे गाडी हळू करायचीच असते, वेग वाया जाण्यापेक्षा बॅटरीत गेलेला बरा.

पण ब्रेकिंगमधून मिळणारी वीज सगळीकडे पुरणार नाही. इटलीतलं मोन्झा घ्या. तिथे लांब लांब सरळ रस्ते आणि मोजकीच ब्रेक मारायची ठिकाणं. वीज लागते भरपूर, मिळते कमी. मग ड्रायव्हरकडे उरतात दोन मार्ग.

पहिला मार्ग: वळण येण्याआधी थोडं लवकर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा आणि गाडी तशीच वाहू द्यायची. घाटात उतारावर पेट्रोल वाचवायला आपण करतो तसंच.

दुसरा मार्ग जरा विचित्र आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाच मोटर उलटी चालवायची. म्हणजे पेट्रोल इंजिन गाडीही पळवतंय आणि बॅटरीही चार्ज करतंय. याला सुपर क्लिपिंग म्हणतात. अशा वेळी सरळ रस्त्याच्या शेवटी पाय पूर्ण दाबलेला असूनही वेग वाढायचा थांबेल, कदाचित थोडा कमीही होईल. टीव्हीवर हे दिसलं तर इंजिन बिघडलं असं समजू नका. गाडी चार्ज होते आहे.

एक गोष्ट मात्र गेली. टर्बोच्या उष्णतेतून वीज बनवणारी एमजीयू-एच नावाची मोटर २०१४ पासून होती, ती आता काढून टाकली आहे. ती महाग होती, गुंतागुंतीची होती आणि नव्या कंपन्या तिला घाबरून एफ१ मध्ये यायला तयार नव्हत्या. पण तीच मोटर टर्बोला सतत फिरतं ठेवायची. आता ती नसल्यामुळे टर्बोला वेग घ्यायला वेळ लागेल. त्यामुळे रेसची सुरुवात नक्की बघा. लाल दिवे विझण्याआधी ड्रायव्हरला इंजिनाचे आरपीएम वाढवून टर्बो तयार ठेवावा लागेल. ज्याला हे जमणार नाही तो जागेवर रेंगाळेल.

पंख उघडणार, आणि सगळ्यांचे उघडणार

गाडीचे पंख हवेचा दाब वापरून गाडीला रस्त्यावर दाबून धरतात. वळणावर हे हवंच. पण सरळ रस्त्यावर तेच पंख हवेचा अडथळा बनतात.

२०११ पासून यावर डीआरएस हा उपाय होता. पुढच्या गाडीपासून एक सेकंदाच्या आत असाल तर तुमच्या मागच्या पंखाची एक फळी उघडायची आणि वेग मिळायचा. अनेक फॅन्सना हे ओव्हरटेकिंग फुकटचं वाटायचं. पुढचा ड्रायव्हर काही करूच शकत नसे.

आता पुढचा आणि मागचा दोन्ही पंख ठरवून दिलेल्या सरळ भागात उघडतील आणि वळणाआधी बंद होतील. महत्त्वाचं म्हणजे ते सगळ्यांचे, प्रत्येक लॅपला उघडतील. कोण किती जवळ आहे याचा संबंध नाही. फोनमध्ये गेम उघडला की परफॉर्मन्स मोड, बंद केला की सेव्हर मोड, तसंच काहीसं. कारण उघड आहे. बॅटरी एवढीशी असताना हवेशी झुंजण्यात वीज घालवणं परवडणारं नाही.

मग ओव्हरटेक कसं करायचं?

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा: बूस्ट आणि ओव्हरटेक मोड.

बूस्ट कोणीही, कधीही वापरू शकतो. बटण दाबलं की बॅटरीतून मिळेल तेवढी ताकद मिळते. हल्ल्यासाठी वापरा नाहीतर बचावासाठी. अट एकच, बॅटरीत काहीतरी शिल्लक असायला हवं.

ओव्हरटेक मोड मात्र फक्त पाठलाग करणाऱ्यासाठी. ठरलेल्या ठिकाणी तुम्ही पुढच्या गाडीपासून एक सेकंदाच्या आत असाल तर तो मिळतो. त्याने काय होतं? एरवी ताशी २९० किलोमीटरच्या पुढे गेलं की नियमानुसार मोटरची ताकद हळूहळू कमी होत जाते. ओव्हरटेक मोडमध्ये मात्र ती ताशी ३३७ किलोमीटरपर्यंत पूर्ण ३५० किलोवॉट मिळते. शिवाय त्या लॅपमध्ये अर्धा मेगाजूल जास्त ऊर्जा वापरायची मुभा. म्हणजे सरळ रस्त्याच्या शेवटी पुढच्याचा जोर ओसरत असताना मागच्याचा टिकून असतो.

पण गंमत पुढे आहे. समजा तुम्ही सगळी बॅटरी ओतून पुढे गेलात. आता तुम्ही रिकामे आणि मागे पडलेल्याची बॅटरी भरलेली. पुढच्याच सरळ रस्त्यावर तो तुम्हाला परत गाठणार. म्हणून हुशार ड्रायव्हर कदाचित संधी असूनही एक-दोन लॅप्स थांबेल. समोरच्याची वीज कुठे संपते ते बघेल आणि मग घाव घालेल. क्रिकेटच्या भाषेत, शेवटच्या पाच ओव्हरसाठी विकेट हातात ठेवणं.

मामाचा प्रश्न

हे सगळं मी गेल्या महिन्यात मामाला फोनवर समजावत होतो. मामा २००५ पासून एफ१ बघतो. नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघातून मेलबर्नला उतरला, एफ१ मध्ये रेस करणारा पहिला भारतीय, तेव्हापासून. त्या काळातल्या व्ही१० इंजिनांचा आवाज त्याला अजून आठवतो. म्हणायचा, टीव्हीचा आवाज वाढवला की शेजारी भांडायला यायचे.

माझं ऐकून तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे पाय उचलणारा जिंकणार? मग ती रेस कसली रे? पाय उचलायला तर मीपण तयार आहे."

खरं सांगू? माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. आणि ही शंका एकट्या मामाची नाही. २०२३ मध्येच वेरस्टॅपनने सिम्युलेटरमधल्या आकड्यांवरून काळजी बोलून दाखवली होती, की मोन्झासारख्या ठिकाणी सरळ रस्त्यावरच गिअर खाली टाकावे लागतील. त्यानंतर नियमांत बरेच फेरबदल झाले, हलणारे पंखही त्याच काळात आकाराला आले. पण मूळ प्रश्न अजून आहे. ड्रायव्हर गाडी चालवणार, की सॉफ्टवेअरने ठरवलेलं वेळापत्रक पाळणार?

मी दोन-तीन दिवस विचार करून मामाला जे उत्तर दिलं ते असं.

गाडी सांभाळून चालवणं एफ१ मध्ये नवं नाही. टायर जपणं, पेट्रोल वाचवणं, ब्रेक थंड ठेवणं हे ड्रायव्हर कायम करत आलेत. नवं आहे ते प्रमाण. ताकदीचा अर्धा हिस्साच जपून वापरायचा आहे. यात दोन शक्यता आहेत. एक, प्रत्येक लॅपचा आराखडा इंजिनिअर आधीच बनवतील, सगळे तोच पाळतील आणि रेस कंटाळवाणी होईल. दोन, आराखडा असला तरी शेजारी दुसरी गाडी आली की तो मोडावाच लागेल, आणि त्या क्षणी बटण दाबायचं की नाही हे ड्रायव्हरच ठरवेल. तिथे अनुभव लागेल, डोकं लागेल, धाडस लागेल.

मला दुसरी शक्यता जास्त वाटते. पण खात्री मार्चमध्येच होईल. मामा म्हणाला, "बघू."

इतिहास काय सांगतो?

नियम मोठे बदलले की एफ१ मध्ये उलथापालथ होते. तीन उदाहरणं बघा.

२००९: होंडाने डिसेंबर २००८ मध्ये संघ बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॉस ब्रॉन यांनी तो विकत घेतला. नव्या नियमांतली एक पळवाट या संघाने ओळखली होती, गाडीच्या मागच्या तळाशी असणारा दुहेरी डिफ्यूजर. जेन्सन बटनने पहिल्या ७ पैकी ६ रेसेस जिंकल्या. ड्रायव्हर आणि संघ, दोन्ही किताब ब्रॉनकडे!

२०१४: हायब्रिड इंजिनं आली. मर्सिडीजने १९ पैकी १६ रेसेस जिंकल्या. आधीची सलग चार वर्षं चॅम्पियन असलेल्या रेड बुलला हेरेझच्या पहिल्या टेस्टमध्ये सगळे दिवस मिळून फक्त २१ लॅप्स मारता आल्या. पण तोच संघ वर्षाअखेरीस दुसरा आला.

२०२२: पहिल्याच रेसमध्ये फेरारीचे दोन्ही ड्रायव्हर पहिले-दुसरे आणि रेड बुलच्या दोन्ही गाड्या बाद. फेरारीच्या फॅन्सनी त्या रविवारी किताबाची स्वप्नं पाहिली. वर्षअखेर रेड बुलच्या नावावर २२ पैकी १७ विजय होते.

यातून दोन धडे. पहिला, कोणीतरी पळवाट शोधतोच. यंदाही त्याची कुजबुज सुरू झाली आहे. नव्या नियमात इंजिनाचं कॉम्प्रेशन प्रमाण १८ वरून १६ वर आणलं आहे. पण ते मोजायचं इंजिन थंड असताना. धातू तापला की प्रसरण पावतो, हे आपण शाळेत शिकलो. मग इंजिन तापल्यावर हेच प्रमाण वाढेल अशी रचना कोणी केली असेल तर? या एका प्रश्नावरून इंजिन कंपन्यांमध्ये आत्ताच वाद पेटलाय.

दुसरा धडा, पहिल्या रेसवरून वर्षाचा निकाल लावू नका. शिवाय यंदा नियमांतच एक तरतूद आहे. ज्या कंपनीचं इंजिन सर्वोत्तम इंजिनापेक्षा ठरावीक प्रमाणात मागे पडेल, तिला सीझनमध्ये सुधारणा करायची जादा संधी मिळेल. २०१४ सारखी एकतर्फी वर्षं टाळण्याचा हा प्रयत्न आहे.

टेस्टिंगचे आकडे कसे वाचायचे?

बार्सिलोनात २६ ते ३० जानेवारीला पहिली टेस्ट आहे, बंद दाराआड. प्रत्येक संघाला पाचपैकी तीनच दिवस गाडी चालवता येईल. मग बहारीनमध्ये ११ ते १३ आणि १८ ते २० फेब्रुवारी अशा दोन टेस्ट.

या दिवसांत तुमच्या फीडवर "अमुक संघ सगळ्यात वेगवान" अशा पोस्ट्सचा पाऊस पडेल. फॉरवर्ड करण्याआधी एवढं लक्षात ठेवा. कोणाच्या टाकीत किती इंधन आहे हे बाहेर कोणालाच माहीत नसतं. १० किलो इंधन म्हणजे साधारण ०.३ सेकंदाचा फरक, असा ढोबळ हिशोब लावतात. टायर कुठले, इंजिन पूर्ण ताकदीने चालवलं का, हे वेगळंच. यंदा भर बॅटरीची. एखाद्या लॅपमध्ये सगळी वीज उधळली तर टायमिंग झक्कास येईल, पण रेसमध्ये तसं प्रत्येक लॅपला करता येणार नाही.

मी स्वतः तीन गोष्टी बघणार आहे. कोणी किती लॅप्स मारल्या. सलग १५-२० लॅप्समध्ये टायमिंग स्थिर राहतं का. आणि सरळ रस्त्याच्या शेवटी कोणाचा वेग आधी मंदावतो.

संघांवर एक नजर

मॅकलारेनने २०२४ आणि २०२५ असे सलग दोन वर्षं संघांचे किताब जिंकलेत. नॉरिसच्या गाडीवर यंदा १ नंबर असेल. त्यांचं इंजिन मर्सिडीजचं.

कॅडिलॅक हा अकरावा, पूर्णपणे नवा संघ. ड्रायव्हर मात्र अनुभवी, सर्जिओ पेरेझ आणि वाल्टेरी बोटास. सुरुवातीला इंजिन फेरारीकडून. ऑडीने साउबर संघ ताब्यात घेतलाय आणि इंजिनही स्वतःचं बनवलंय. रेड बुल पहिल्यांदाच स्वतःच्या इंजिनावर धावणार, फोर्डच्या साथीने. होंडा आता ॲस्टन मार्टिनसोबत, जिथे एड्रियन न्यूईंसारखा डिझाइनर आहे आणि २०१३ नंतर एकही रेस न जिंकलेला फर्नांडो अलोन्सो. रेनोने इंजिन बनवणंच थांबवलं, म्हणून अल्पीनची गाडी मर्सिडीजच्या इंजिनावर.

फेरारीच्या फॅन्ससाठी तर हे वर्ष म्हणजे नवी पाटी. सात वेळचा चॅम्पियन लुईस हॅमिल्टन २०२५ मध्ये रविवारच्या एकाही रेसमध्ये पोडियमवर आला नाही. नियम बदलले की जुने हिशोब पुसले जातात, एवढीच त्यांची आशा. मीही त्यातलाच एक आहे, हे आत्ताच कबूल करतो.

आपलं काय?

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षं इंडियन ग्रां प्री झाली. तिन्ही सेबॅस्टियन व्हेटेलने जिंकल्या. नंतर करांच्या वादात ती बंद पडली. कार्तिकेयन आणि करुण चंढोक यांच्यानंतर एकही भारतीय ड्रायव्हर एफ१ रेसमध्ये उतरलेला नाही. मुंबईचा जेहान दारुवाला एफ२ पर्यंत पोहोचला, तिथे रेसेसही जिंकला. बंगळुरूच्या कुश मैनीने २०२५ मध्ये मोनाकोत एफ२ ची स्प्रिंट रेस जिंकली. यंदा रेसिंग बुल्सकडून पदार्पण करणारा ब्रिटिश ड्रायव्हर आर्विद लिंडब्लाड याची आई भारतीय वंशाची आहे, म्हणून त्याच्याकडेही आपल्या अनेकांचं लक्ष असेल.

आणखी एक धागा थेट आपल्या पेट्रोल पंपापर्यंत येतो. इथेनॉल मिसळलेलं ई२० पेट्रोल आपण भरतो, त्यावरून घराघरात चर्चा झडतात. एफ१ मध्ये २०२२ पासून ई१० होतं. आता अन्नधान्याशी स्पर्धा न करणारा जैविक कचरा, शहरी कचरा किंवा पकडलेला कार्बन यांपासून बनवलेलं इंधन वापरावं लागेल. ते उद्या आपल्या टाकीत लगेच येणार नाही, पण नेहमीच्या इंजिनात असं इंधन चालतं का, याची ही सगळ्यात कठोर परीक्षा आहे.

फोनवर बघताना

पहिल्या तीन रेसेसच्या भारतीय वेळा लिहून ठेवा:

• ऑस्ट्रेलिया: ८ मार्च, सकाळी ९.३०

• चीन: १५ मार्च, दुपारी १२.३० (आदल्या दिवशी स्प्रिंट रेसही)

• जपान: २९ मार्च, सकाळी १०.३०

युरोपातल्या बहुतेक रेसेस नेहमीप्रमाणे संध्याकाळी ६.३० ला. वेळ आदल्या दिवशी ॲपमध्ये एकदा तपासून घ्या.

एफ१ च्या ॲपमधलं लाइव्ह टायमिंग वाचायला शिका. जांभळा रंग म्हणजे आत्तापर्यंतची सर्वांत वेगवान वेळ, हिरवा म्हणजे ड्रायव्हरची स्वतःची सर्वोत्तम, पिवळा म्हणजे सुधारणा नाही. मात्र मोबाइलवरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागे असतं. टायमिंग शेजारी उघडं ठेवलं तर ओव्हरटेक दिसण्याआधीच कळतो. आणि रेस नंतर बघणार असाल तर सकाळी उठल्याउठल्या नोटिफिकेशन्स बंद करा. ग्रुपवर कोणीतरी निकाल टाकतोच.

शेवटी

मला वाटतं, यंदाची उत्सुकता "कोण जिंकणार" एवढीच नाही. आपल्याला आवडणारा हा खेळ नव्या नियमांतही आपल्याला तितकाच आवडेल का, हेही बघायचं आहे. थोडी भीती आहे. पण सगळं आधीच माहीत असलेल्या सीझनची वाट कोण बघतं?

८ मार्चला मी कराडला असेन. मामाने बोलावलंय. मोठ्या टीव्हीवर, आवाज पूर्ण वाढवून. त्याची अट एकच: पहिला ड्रायव्हर सरळ रस्त्यावर पाय उचलताना दिसला की चहा मी करायचा. मी मान्य केलंय. पॉवर बँक तशीही तिथेच पडली आहे.

तुम्हाला काय वाटतं, बॅटरीचा हा खेळ रेस रंगवेल की बिघडवेल? आणि सुरुवातीच्या रेसेसमध्ये कोण पुढे असेल? तुमचा अंदाज कमेंटमध्ये लिहून ठेवा. मार्चमध्ये एकत्र तपासू.